गाडी लहान करावी की परवाना मोठा?

बीडहून सोलापूरच्या दिशेने निघालेला महामार्ग बिंदुसरेच्या धरणाच्या अंगाने पालीवरून पुढे जातो, मांजरसुंब्याचा घाट चढतो आणि घाटमाथ्यावर अहिल्यानगर-जामखेडकडून केज-अंबाजोगाईकडे उतरणाऱ्या रस्त्याला छेद देतो. ज्या गावाच्या उशाशी असा चव्हाटा आहे, त्या पालीसारख्या गावात मालवाहू गाडी हा केवळ धंद्याचा विषय न राहता घरगुती चर्चेचा विषय व्हावा, यात नवल नाही. बीड शहराला रेल्वे लाभली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तोपर्यंत या टापूतला कापूस, सोयाबीन, कांदा, बालाघाटाचे सीताफळ, गावोगावचे दूध, दिवाळीनंतर कारखान्यांकडे निघणाऱ्या ऊसतोडीच्या टोळ्यांची बिऱ्हाडे आणि अवर्षणाच्या वर्षी छावण्यांकडे जाणारा चारा हे सर्व रबरी चाकांवरच वाहिले गेले, आणि रेल्वे आल्यानंतरही शेताच्या बांधापासून मोंढ्यापर्यंतचे अंतर त्याच चाकांच्या हिश्श्याला राहणार आहे.

या चाकांच्या मालकांत दोन जाती आहेत. ज्याच्याजवळ चार-सहा ट्रक आहेत, पदरी पगारी चालक आहेत आणि ज्याचा जमाखर्च मुनीम लिहितो, त्याला प्रस्तुत लेखाचा प्रश्न कधी पडत नाही. तो पडतो एकाच गाडीच्या मालकाला: थोडी जमीन, थोडे कर्ज आणि एक जुनी आयशर किंवा ‘चारशे सात’ अशी ज्याची एकंदर दौलत, जो स्वतःच स्टिअरिंगवर बसतो, आणि ज्याच्या खिशातला परवाना मोटारीच्या वर्गाचा, म्हणजे ‘एल.एम.व्ही.’चा आहे. नाक्यावर एखाद्या अधिकाऱ्याने हटकले, किंवा दुसऱ्याच कोणाच्या अपघाताची हकीकत कानावर आली, की त्याच्या मनात भय शिरते आणि मग दोन सल्ले दोन्ही कानांनी ऐकू येऊ लागतात. एक म्हणतो, ‘हेवी’ लायसन काढून टाक. दुसरा म्हणतो, हे धेंड विकून पिकअप घे आणि सुखाने झोप. या वादाचा आढावा घेताना माझे मत आरंभीच सांगून टाकतो. पुष्कळांच्या बाबतीत हा प्रश्न कायद्याने केव्हाच निकालात काढला आहे. आणि ज्यांच्या बाबतीत तो खरोखर शिल्लक आहे, त्यांच्यापैकी जे भयापोटी गाडी लहान करतात, ते बहुधा एक कसूर टाळण्यासाठी दुसरा अधिक मोठा कसूर पत्करतात.

हलक्या मालमोटारीचा आपल्याकडचा इतिहास फार जुना नाही. निजामाच्या राज्यात रस्त्यावरच्या वाहतुकीची संघटित सुरुवात १९३२ मध्ये, निजाम रेल्वेच्या रस्ता-वाहतूक विभागाच्या २७ गाड्यांनी झाली. पण त्या उतारूंच्या होत्या. माल बैलगाडीने जाई, आणि लांबचा असेल तर मोठ्या ट्रकने. या दोहोंच्या मधली जागा भरून काढण्याचा पहिला गंभीर उद्योग शेजारच्या अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) मातीतून आलेल्या नवलमल फिरोदियांनी केला. १९५८ मध्ये जर्मन सहकार्याने बजाज टेम्पो कंपनी उभी राहिली, तिची तीनचाकी रस्त्यावर आली, पुढे मॅटाडोर आली, आणि ‘टेम्पो’ ही संज्ञा मराठवाड्यातल्या खेड्यांत अशी रुळली की आज दुसऱ्या कोणत्याही कारखान्याच्या गाडीला लोक खुशाल टेम्पोच म्हणतात. १९८० नंतरच्या दशकात जपानी भागीदारीने चार कंपन्या या क्षेत्रात उतरल्या: डी.सी.एम. टोयोटा, ऑल्विन निस्सान, स्वराज माझदा आणि मित्सुबिशीच्या सहकार्याने पीथमपूरला कारखाना काढणारी आयशर. टेल्कोने त्यांना १९८६ मध्ये जे उत्तर दिले त्याचे नाव ४०७. या झुंजीत कोण तगले आणि कोण बुडाले हा स्वतंत्र विषय आहे. आपल्यापुरते महत्त्वाचे इतकेच की, काही टन माल नेणारी, लहान शेतकऱ्याच्या ऐपतीत बसणारी गाडी याच काळात गावात आली. त्यानंतर २००५ मध्ये टाटांची ‘एस’ आली. पाऊण टन मालाची ही गाडी लोकांनी ‘छोटा हत्ती’ म्हणून घरात घेतली. बोलेरो पिकअपचीही रांग लागली. आज गाडी ‘लहान करणे’ हा जो पर्याय डोळ्यांसमोर येतो, तो या शेवटच्या दोन आगमनांमुळे शक्य झाला. त्यापूर्वी उतरायला अशी सोयीची खालची पायरी नव्हती.

आता कायद्याकडे वळू. तेथे जरा थांबावे लागेल, कारण सगळ्या भयाचे मूळ तेथेच आहे. १ जुलै १९८९ पासून अमलात आलेल्या १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाने हलक्या मोटार वाहनाची व्याख्या करताना त्यात मोटार, ट्रॅक्टर आणि रोडरोलर यांच्याबरोबरच मालवाहू व प्रवासी परिवहन वाहनेही घातली. अट एकच, की मोटारीचे वा ट्रॅक्टरचे रिकामे वजन आणि परिवहन वाहनाचे माल धरून होणारे एकूण वजन ठरावीक मर्यादेच्या वर जाऊ नये. ही मर्यादा मुळात ६,००० किलोची होती. १९९४ च्या दुरुस्तीने ती ७,५०० किलोवर नेली. येथवर सारे स्वच्छ होते. परंतु त्याच दुरुस्तीने परवान्याच्या वर्गवारीतले मध्यम मालवाहू, मध्यम प्रवासी, जड मालवाहू आणि जड प्रवासी हे चार वर्ग काढून त्यांच्या जागी ‘परिवहन वाहन’ असा एकच वर्ग बसवला. आणि १९३९ च्या कायद्यापासून चालत आलेले कलम तर सांगतच होते की, परिवहन वाहन चालवण्याचा अधिकार परवान्यात स्पष्टपणे नमूद असल्याशिवाय कोणीही ते चालवू नये. परिणामी एकच ४०७ गाडी वजनाने ‘हलकी’ आणि कामाने ‘परिवहन’ अशी दोन्ही वर्गांत बसू लागली. तिच्या चालकाला साधा परवाना पुरे, की त्यावर ‘टी.आर.’चा शेरा हवा, यावर देशभरच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांत पंचवीस-तीस वर्षे वितंडवाद चालला.

त्या वादाचा लाभ बहुतकरून विमा कंपन्यांनी घेतला, हे म्हणताना मला संकोच वाटत नाही. अपघात झाला, माणूस दगावला, वारसांनी दावा लावला की कंपनीचे वकील पहिला कागद मागत तो चालकाचा परवाना. त्यावर शेरा नसला की ‘शर्तीचा भंग’ असे म्हणून हात झटकण्याचा प्रयत्न होई. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये अशोक गंगाधर मराठा यांच्या प्रकरणात हलक्या वाहनाचा परवाना हलक्या मालवाहू गाडीला चालतो असा कौल दिला. पुढे २८ मार्च २००१ रोजी परवान्याच्या अर्जाचा नमुनाच बदलला. २००७ मध्ये प्रभूलाल प्रकरणात, जेथे गाडी टाटा ७०९ होती, त्याच न्यायालयाने उलट सांगितले की शेरा हवाच, आणि २००९ मध्ये अंगद कोल प्रकरणातही तसाच निर्णय झाला. एका खंडपीठाचा एक हुकूम आणि दुसऱ्याचा दुसरा. खालच्या न्यायाधिकरणांनी कोणता मानावा? शेवटी ३ जुलै २०१७ रोजी मुकुंद देवांगन प्रकरणात तिघा न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवले की, ७,५०० किलोंच्या आतले परिवहन वाहन हे हलके मोटार वाहनच होय आणि त्यासाठी निराळा शेरा नको. केंद्र सरकारनेही १६ एप्रिल २०१८ रोजी राज्यांना त्या अर्थाची सूचना पाठवली. विमा कंपन्यांचे समाधान झाले नाही. २०२२ मध्ये प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला, आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने रंभादेवी प्रकरणात देवांगनचा निर्णय कायम केला. निकालपत्र न्यायमूर्ती हृषीकेश रॉय यांनी लिहिले आहे. त्यातली एक गोष्ट वाहतूकदारांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे: साध्या परवान्यावर हलके परिवहन वाहन चालवणाऱ्यांमुळे अपघात वाढले, असे दाखवणारी कोणतीही ठोस आकडेवारी न्यायालयापुढे आलीच नव्हती. इतकी वर्षे जो युक्तिवाद सुरक्षिततेच्या नावाने चालला, त्याच्या पाठीशी पुराव्याचा चिटोराही नव्हता.

तेव्हा ज्याच्या नोंदणी-पुस्तकात एकूण वजनाचा आकडा ७,५०० किंवा त्याहून कमी आहे, त्याने केवळ परवान्याच्या भयाने गाडी विकणे म्हणजे उठलेल्या बाजारात जाऊन सौदा करणे होय. ४०७ त्या मर्यादेच्या आत येते, ७०९ सारख्या गाड्यांतही आत बसणारी रूपे आहेत, आणि पिकअप तर साडेतीन टनांच्याही आतली. घातक पदार्थ वाहून नेणाऱ्यांसाठी आणि ई-रिक्षांसाठी निराळे नियम आहेत ते राहिले. गॅसच्या टाक्या नेणाऱ्याने या निकालावर विसंबू नये. बाकीच्यांना आता ‘टी.आर.’ची विवंचना नको. येथे व्यवहारातली एक अडचण मात्र सांगितली पाहिजे. गाडीचे ‘पासिंग’ किती टनांचे, असे विचारले तर आपले लोक मालाचा आकडा सांगतात, ‘चार टन’, ‘सात टन’. कायदा मोजतो तो गाडी अधिक माल, अधिक केबिनमध्ये बसलेली माणसे. चार टन पासिंगची गाडी साडेसात टनांच्या रेषेला टेकलेली असू शकते, आणि सहा-सात टन पासिंगची आयशर निश्चितच त्या रेषेच्या पलीकडे असते. म्हणून सल्ला देणाऱ्याचे ऐकण्याआधी पुस्तक उघडून तो एक आकडा वाचावा. पालीच्या चहाच्या टपरीवर तासभर चालणारा वाद त्या आकड्याने मिनिटात मिटतो.

रेषेच्या पलीकडे असलेल्या गाडीची गोष्ट निराळी, आणि खरा प्रश्न तोच. तेथे शेरा नसलेला परवाना हा खरोखर नसल्यासारखाच आहे. दंड हा त्यातला क्षुल्लक भाग: २०१९ च्या दुरुस्तीने विनापरवाना चालवणाऱ्यास ५,००० रुपये, आणि अशा इसमाच्या हाती गाडी देणाऱ्या मालकासही तितकाच दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंतची कैद, किंवा दोन्ही, असे ठरवले आहे. दंड भरून माणूस मोकळा होतो. मोकळा होत नाही तो नुकसानभरपाईतून. २००४ मध्ये स्वर्णसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जे तत्त्व पक्के केले त्याचा सारांश असा की, परवान्याच्या दोषासाठी मृताच्या वारसांना रिकाम्या हाताने परत पाठवू नये. कंपनीने आधी रक्कम भरावी आणि मालकाचा दोष सिद्ध झाला असेल तर ती त्याच्याकडून वसूल करून घ्यावी. वारसांच्या दृष्टीने हे न्यायाचे आहे. एका गाडीच्या मालकाच्या दृष्टीने याचा अर्थ काय होतो? कमावत्या तरुणाच्या मृत्यूची भरपाई अनेक लाखांत जाते. शिवाय अधिनियमाचे १७४ वे कलम न्यायाधिकरणाला असा अधिकार देते की, देय रकमेचा दाखला त्याने जिल्हाधिकाऱ्याकडे पाठवावा आणि जिल्हाधिकाऱ्याने ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करावी. तलाठी, मंडळ अधिकारी, तहसील कचेरी, जप्तीचा हुकूम, सातबाऱ्यावरचा बोजा: ही सगळी जुनी यंत्रणा एका शेऱ्याअभावी दारात येऊन उभी राहू शकते. ज्याने भयापोटी हा प्रश्न उपस्थित केला, त्याचे भय या जागी अनाठायी नाही.

परंतु त्या भयाचा इलाज म्हणून गाडी विकून पिकअप घ्यावी, हे मात्र मला पटत नाही. निदान ते सर्वांना लागू करता येत नाही. सहा टन कांदा सोलापूरच्या बाजारात न्यायचा तर आयशरची एक फेरी पुरते. दीड टनाच्या पिकअपला चार फेऱ्या लागतात, म्हणजे चार वेळा टोल, चार वेळा डिझेल, चार वेळा हमाली, आणि परतीचे भाडे न मिळाले तर चार वेळा रिकामी गाडी. कागदावर हे कोणालाही दिसते. प्रत्यक्षात मालक चार फेऱ्या करीतच नाही. तो दोन करतो. पाली ते मांजरसुंबा या पट्ट्यात सकाळी उभे राहिले तर जे दृश्य वारंवार पाहावयास मिळते ते असे: पिकअपच्या हौद्याला तिन्ही बाजूंनी लोखंडी जाळी उंचावून चढवलेली, मागचा फाळका साखळीवर आडवा सोडून त्यावरही गोण्यांचा एक थर, कमानीत कारागिराकडून दोन पाटे वाढवून घेतलेले, तरीही मागचा भाग बसलेला आणि पुढचे दिवे आकाशाकडे पाहत असलेले. घाट चढताना हे वाहन पहिल्या-दुसऱ्या गियरवर कण्हत जाते, ते एक वेळ ठीक. उलट दिशेने, मांजरसुंब्याहून पालीकडे उतरताना मात्र दीड टनासाठी योजलेल्या ब्रेकांवर तीन टनांचा भार पडतो. लायनर तापून पकड सोडू लागतो, आणि पुढचे चाक हलके झाल्यामुळे स्टिअरिंगही हवे तसे ऐकत नाही. पाटा वाढवल्याने कमान तग धरते, ब्रेक मोठा होत नाही, ही साधी गोष्ट पाटे वाढवून देणारा कारागीर सांगत नाही, कारण त्याला कोणी विचारीत नाही.

कायद्याच्या दृष्टीनेही हा व्यवहार तोट्याचा आहे. मर्यादेपेक्षा अधिक भार नेल्यास २०,००० रुपये, आणि वरच्या प्रत्येक टनास आणखी २,००० रुपये, असा दंड २०१९ पासून अधिनियमात आहे. म्हणजे परवाना नसण्यापेक्षा भार जास्त असणे चौपट महाग. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा केला तर २०१० च्या अमलेंदु साहू प्रकरणात नमूद झालेल्या मापदंडाप्रमाणे जादा भाराच्या गाडीला मान्य रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंतच समाधान मानावे लागते. चालकाचा दोष पुसण्यासाठी गाडी लहान केली आणि दोष मालात जाऊन बसला, असा हा प्रकार आहे. ज्या धंद्याचा माल मुळातच सहा टनांचा आहे, त्या धंद्याला दीड टनाची गाडी प्रामाणिक ठेवता येत नाही. प्रामाणिक ठेवली तर ती हप्ता फेडीत नाही.

विक्रीचीही एक खोच आहे. गाडीवर बँकेचा बोजा असतो, तो उतरवल्याशिवाय नाव बदलत नाही. घेणाऱ्यालाही घाई असते आणि देणाऱ्यालाही. मग नमुना २९ व ३० वर कोऱ्या सह्या करून, शंभर-पाचशेच्या मुद्रांकावर करारनामा लिहून गाडी दुसऱ्याच्या दारात जाते आणि कचेरीच्या दप्तरात मूळ मालकाचेच नाव राहते. २०१८ मध्ये नवीनकुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्ध शब्दांत सांगितले की, भरपाईच्या जबाबदारीसाठी मालक म्हणजे नोंदणीत ज्याचे नाव तो. गाडी मध्ये किती हात फिरली याच्याशी दावेदाराला कर्तव्य नाही. म्हणजे ज्याने जबाबदारीच्या भीतीने आयशर विकली, तो पिकअपवर बसून भाजी वाहत असताना त्याची जुनी आयशर परक्या जिल्ह्यात, परक्या चालकाच्या हाती, त्याच्याच नावावर धावत असते. गाडी विकायचीच असेल तर नाव बदलल्याचा कागद हाती आल्याखेरीज किल्ली देऊ नये, हे सांगायला वकील लागत नाही. तरी लोक ते करीत नाहीत.

एवढे म्हटल्यावर गाडी लहान करणे केव्हा योग्य, तेही सांगितले पाहिजे. ज्याचे भाडे मुख्यतः दूध, भाजीपाला, किराणा, पशुखाद्य अशा थोड्या आणि रोजच्या मालाचे आहे, ज्याला वस्तीपर्यंतच्या पाणंदीतून जावे लागते आणि ज्याची धाव बीडच्या मोंढ्यापलीकडे क्वचित जाते, त्याची आयशर वर्षातले कित्येक दिवस अर्धी रिकामी धावते. त्याने उतरणे हा शहाणपणा आहे. एकूण वजन ३,००० किलोंच्या आत ठेवले तर परिवहन परमिटचीही गरज राहत नाही. हे कलम ६६ चे अभय आहे आणि त्याची माहिती फार थोड्यांना असते. करांची बाजू मात्र जुन्या ऐकीव माहितीवर ठरवू नये; ७,५०० किलोंपर्यंतच्या हलक्या मालवाहनांवर किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर लावण्याचे राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात मांडले गेले, तेव्हा नवी पिकअप घेणाऱ्याने हा आकडा किमतीत धरूनच हिशेब करावा. आणि ज्याची दृष्टी अधू झाली आहे, त्याने डॉक्टरांच्या दाखल्याशी झगडत बसण्यापेक्षा लहान गाडी आणि दिवसाउजेडीचे भाडे पत्करलेले बरे.

दुसरा मार्ग परवान्याचा. त्याला पायऱ्या आहेत, पण त्या अवघड नाहीत. वय वीस पूर्ण हवे. हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जवळ असावा. मग शिकाऊ परवाना, डॉक्टरांचे प्रमाणपत्र, मान्यताप्राप्त मोटार ट्रेनिंग स्कूलचा दाखला, आणि अखेर मोठ्या गाडीवर परीक्षा. ट्रेनिंगसाठी नियमांनी किमान ३० दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे १५ तास सांगितले आहेत. २०१९ पर्यंत आठवी उत्तीर्ण असल्याची अट होती. ज्या मुलखात ऊसतोडीच्या हंगामात मुलांची शाळा आई-बापांबरोबर फडावर जाते आणि तेथेच संपते, त्या मुलखात ही अट किती तरुणांना स्टिअरिंगपासून दूर ठेवीत असेल याची कल्पना करता येते. ती रद्द झाली हे चांगले झाले. शेरा पूर्वी तीन वर्षांनी नवा करावा लागे, आता पाच वर्षांनी. बीड तालुक्याच्या माणसाला यासाठी ज्या कचेरीत जायचे तिची मालिका एम.एच. २३, अंबाजोगाईची ४४ निराळी. दलालाशिवाय हे काम होत नाही, अशी जी समजूत आहे ती अर्धी आळसातून आलेली आहे. अर्ज आता ऑनलाइन भरता येतो आणि परीक्षेला दलाल बसू शकत नाही.

माझा आक्षेप आहे तो परवान्यावर नसून शिक्षणाच्या रीतीवर. पंधरा तासांपैकी किती तास मुलगा खरोखर चाकामागे असतो आणि किती तास शेजारच्या बाकावर, हे त्या त्या शाळेच्या प्रामाणिकपणावर अवलंबून राहते. आणि गाडी बहुधा रिकामी असते. भरलेल्या गाडीचे शास्त्र निराळे आहे. मागे दुहेरी चाके असलेल्या गाडीची लांबी वळणावर आत ओढते, हवेच्या ब्रेकचा दाब घड्याळात उतरू लागला तर थांबून तो भरू द्यावा लागतो, उताराला लागण्याआधीच खालचा गियर घालून इंजिनाला गाडी धरू द्यावी लागते, मध्येच घालायला गेले तर गियर पडत नाही आणि गाडी मोकळी सुटते. हे पालीचा मुलगा शिकतो ते किन्नर म्हणून एखाद्या जुन्या ड्रायव्हरच्या शेजारी बसून, शाळेत नव्हे. पूर्वीच्या पिढीतले सगळे चांगले चालक याच वाटेने आले. कायद्याने ही उमेदवारी कोठे तरी मोजमापात घ्यावी असे वाटते, पण तसे करताना तीही एक कागदी शर्त होऊन बसेल ही भीती आहेच.

हा पेच एकट्या आपल्याच वाट्याला आलेला नाही. आपल्या कायद्यातला साडेसात टनांचा आकडा युरोपातही ओळखीचा आहे: जर्मनीत १९९८ अखेरपर्यंत मोटारीच्या तिसऱ्या वर्गाच्या परवान्यावर साडेसात टनांपर्यंतची गाडी चालवता येई, इंग्लंडात १९९७ पूर्वी मोटारीची परीक्षा दिलेल्यांना तो हक्क अजूनही आहे, आणि त्यानंतरच्यांना साडेतीन टनांपुढे निराळी परीक्षा द्यावी लागते. जपानने साध्या परवान्याची आठ टनांची मर्यादा २००७ मध्ये पाच टनांवर आणि २०१७ मध्ये साडेतीन टनांवर आणली. जुन्या लोकांचे हक्क ठेवले आणि नव्या तरुणांसाठी मधली एक पायरी निर्माण केली. आपल्याकडे मधली पायरी १९९४ मध्ये काढून टाकली. घटनापीठाने वादाचा निकाल लावला खरा, परंतु साडेसात टनांपर्यंत मोटारीचाच परवाना आणि त्यापुढे एकदम सोळा-अठरा टनांच्या ट्रकबरोबर एकाच वर्गात, ही उडी फार मोठी आहे. मध्यम गाडीसाठी मध्यम परीक्षा असती, तर अकरा टनांची आयशर चालवणाऱ्या कित्येकांनी ती आनंदाने दिली असती.

ट्रॅक्टरवाल्यांचा उल्लेख न करता बीड जिल्ह्यातला हा आढावा आटोपता येत नाही. ट्रॅक्टर हलक्या वाहनात मोडतो, आणि त्याला ट्रॉली जोडली म्हणून ट्रॅक्टरचा परवाना निरुपयोगी होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये नागशेट्टी प्रकरणात सांगितले. म्हणून आयशर विकून ट्रॅक्टर घेणे हा तिसरा पर्याय काही घरांत चर्चेत असतो: सहा महिने मुकादमाच्या टोळीबरोबर ऊस ओढायचा, सहा महिने शेती. त्याचे अर्थशास्त्र मुकादमाच्या उचलीशी बांधलेले असल्यामुळे तेथे परवान्याचा विचार दुय्यम ठरतो, आणि तो विषय प्रस्तुत लेखाच्या मर्यादेबाहेरचा आहे.

राहता राहिला पगारी चालकाचा मार्ग. ज्याची आयशर साडेसात टनांच्या पुढची आहे, जिला माल आहे, हप्ते अर्धे फिटले आहेत आणि मालकाजवळ शेरा नाही, त्याने मधला काळ हेवी लायसन असलेला चालक ठेवावा, त्याचा परवाना स्वतः डोळ्यांनी पाहावा, त्याची छायाप्रत विम्याच्या कागदांत लावून ठेवावी, आणि स्वतःचा अर्ज त्याच आठवड्यात करावा. चालकाचा पगार जड जातो, पण ज्याने हलका परवाना पूर्वीच काढलेला आहे, त्याला हा भार थोड्याच महिन्यांचा. घरात अठरा वर्षांचा मुलगा असेल तर त्याचा हलका परवाना आजच काढावा. वर्षाची अट त्यात निघून जाईल, विसावे लागताच मोठ्या गाडीवर बसता येणार नाही, ते पूर्ण व्हावे लागेल, आणि तोवर घाटात तापलेल्या लायनरचा वास कसा येतो हे त्याने शेजारी बसून शिकून घ्यावे.